जड पाणी आणि घरातली यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गीझरची कॉइल बाहेर काढून मी वर्तमानपत्रावर ठेवतो, तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "हे सगळं आमच्या पाण्यातून आलं?" समोर पांढरं, खरखरीत, पोवळ्यासारखं फुगलेलं काहीतरी असतं आणि त्याच्या पोटात करंगळीपेक्षा बारीक धातूची नळी दडलेली असते. मग प्रश्नांची रांग लागते. दुरुस्तीच्या कामात तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं ऐकले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

जड पाणी म्हणजे नक्की काय? आमचं पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे.

असेलच. जडपणाचा गढूळपणाशी काही संबंध नाही. पाण्यात पूर्ण विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजे जडपणा, आणि विरघळलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पावसाचं पाणी पडताना जवळपास कोरं असतं. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतली चुनखडी थोडी थोडी विरघळवत खाली जातं. म्हणून बोअरचं, विहिरीचं पाणी बहुधा जड, आणि तलाव-धरणाचं त्या मानाने हलकं.

शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणतात. परीक्षा संपल्यावर तो शब्द कुणी वापरत नाही, पण आहे चपखल: ज्यात फेस धड येत नाही ते दुष्फेन. (अणुभट्टीतलं 'जड पाणी' वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही.) 'खारं पाणी' हाही निराळा प्रकार. खारटपणा मिठाचा असतो, आणि जिभेला अजिबात खारट न लागणारं पाणीसुद्धा चांगलंच जड असू शकतं.

किती असेल तर जास्त म्हणायचं?

जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात. पाणी तपासणीच्या अहवालात 'टोटल हार्डनेस' अशी ओळ असते, ती बघा. पीपीएम लिहिलं असेल तरी आकडा तोच. ढोबळ वर्गवारी अशी: ६० पर्यंत मऊ, ६० ते १२० मध्यम, १२० ते १८० जड आणि १८० च्या पुढे खूप जड.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कधी जर्मन अंश असतात, कधी फ्रेंच. एक जर्मन अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम प्रति लिटर, एक फ्रेंच अंश म्हणजे १०. अमेरिकी यंत्रावर 'ग्रेन प्रति गॅलन' दिसलं तर १७.१ ने गुणा. उदाहरणार्थ, अहवालात ३२० असेल तर डिशवॉशरच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात १८ जर्मन अंशांची ओळ शोधायची.

माझा स्वतःचा हिशेब याहून सोपा आहे. १२० च्या आत असेल तर विसरून जा. २०० च्या पुढे गीझर आणि केटलवर लक्ष ठेवा. ३०० च्या पुढे मात्र साफसफाईची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी लागते.

प्रयोगशाळेत न जाता घरी कसं ओळखायचं?

झाकणाची पारदर्शक बाटली घ्या, तिसरा हिस्सा नळाचं पाणी भरा, खऱ्या साबणाचे आठ-दहा थेंब टाका आणि जोरात हलवा. पाणी मऊ असेल तर वर दाट फेस राहतो आणि खालचं पाणी स्वच्छ दिसतं. जड असेल तर फेस पटकन बसतो, पाणी दुधाळ होतं आणि वर चिकट साय तरंगते. शेजारी पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घालून तशीच दुसरी बाटली ठेवली, तर फरक लहान मुलालाही कळतो.

यात लोकांची एक चूक होते. भांडी घासायचं लिक्विड किंवा शाम्पू घेतात, छान फेस येतो आणि 'आपलं पाणी मऊ आहे' असं समजून बसतात. ते डिटर्जंट असतात. जड पाण्यातही फेस यावा म्हणूनच ते बनवलेले असतात. चाचणीला साबणच हवा.

आकडा हवा असेल तर जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. प्रयोगशाळेतली पद्धत बघायला मजेशीर असते: पाण्यात एक सूचक रंग टाकला की ते वाइनसारखं लालसर होतं, मग ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाचं द्रावण थेंब थेंब सोडत जातात, आणि एका थेंबाला सगळं पाणी एकदम निळं होतं. किती द्रावण लागलं त्यावरून जडपणा निघतो.

टीडीएस मीटर ५०० दाखवतो. म्हणजे पाणी जड आहे ना?

त्यावरून सांगता येत नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो, आणि त्यापायी लोक भलतंच यंत्र विकत घेतात.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. दोन घरांत मीटर ५०० च दाखवेल. एकीकडे गीझर दोन वर्षांत भरेल आणि दुसरीकडे कॉइल नव्यासारखी राहील. त्याहून गंमत म्हणजे, सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवल्यावर पाण्यातला जडपणा जवळपास संपतो, पण टीडीएस होता तेवढाच राहतो, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो. मग घरमालक मीटर बुडवतो आणि 'फसवलं' म्हणून फोन करतो.

हा क्षार सगळीकडे का साचत नाही? टाकीला काही नाही आणि गीझरमध्ये मात्र डोंगर.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं असतं. पाण्यात तो बायकार्बोनेटच्या रूपात विरघळून असतो. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे जो कार्बोनेट उरतो तो पाण्यात राहू शकत नाही. तो जिथे सगळ्यात गरम पृष्ठभाग मिळेल तिथे चिकटतो, म्हणजे थेट कॉइलवर. ६० अंशांच्या पुढे हे काम फार वेगाने होतं.

दुसरी जागा म्हणजे जिथे पाणी वाळतं. वाफ एकटीच जाते, क्षार मागे ठेवते. नळाचं तोंड, शॉवरची भोकं, कूलरच्या जाळ्या, काचेवरचे थेंबांचे डाग.

या दोन जागा, तापणं आणि वाळणं, डोक्यात ठेवल्या की पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. थंड पाण्याच्या टाकीला आणि पाइपला जडपणाचा त्रास जवळपास नसतो. पाणी घरात येतानाच गाळून-शुद्ध करून घ्यायच्या योजना ऐकल्या की मी आधी हेच विचारतो: तुमचं किती पाणी तापतं?

हिशेब करून बघा. रोज १०० लिटर पाणी तापवता आणि जडपणा ३०० आहे. म्हणजे रोज ३० ग्रॅम क्षार गीझरमधून जातो, वर्षाला जवळपास ११ किलो. त्यातला बराचसा पाण्याबरोबर बादलीत उतरतो. पण दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला किलोभर दगड टाकीत जमला.

गीझरमधून कढईत काहीतरी उकळल्यासारखा आवाज येतो. बिघडलाय का?

अजून नाही, पण वाटेवर आहे. कॉइलवरच्या थराखाली थोडं पाणी अडकतं, ते तिथल्या तिथे उकळून वाफ होतं, बुडबुडा थर फोडून बाहेर येतो आणि लगेच विरतो. तोच तो खडखड, गुडगुड आवाज. तळाशी पडलेल्या खपल्यांखालीही हेच चालतं.

आत काय चाललंय ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कॉइल म्हणजे धातूची नळी, तिच्या मधोमध तापणारी तार, आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी पूड. पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. नळीची उष्णता पाणी सतत ओढून नेत असतं म्हणून नळी शाबूत राहते. आता त्या नळीवर क्षाराचा कोट चढवा. क्षार उष्णता वाहून नेतो तो तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. उष्णता बाहेर पडेना, नळी स्वतःच तापत जाते, फुगते-आकसते आणि एक दिवस तिला केसाएवढी चीर जाते. त्या चिरेतून पाणी पुडीत शिरलं की वीज पाण्यात उतरते.

मग गीझर लावताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. अशा वेळी कृपा करून तो पुन्हा पुन्हा वर करू नका आणि कुणाच्या सल्ल्याने वगळू तर अजिबात नका. तो तुमचा जीव वाचवत असतो. एका घरी गेलो तेव्हा आरसीसीबी 'फार त्रास देतो' म्हणून काढूनच टाकलेला होता. कॉइल काढली तर तिला दोन ठिकाणी चिरा. त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता आधी आरसीसीबी परत जोडून दिला.

आणखी दोन गोष्टी. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. त्याच्यावरही क्षाराचं पूट चढतं. कॉइल साफ करताना तो बघा, पेन्सिलीएवढा उरला असेल तर बदला. आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह क्षाराने जाम झालेला नाही ना, हे तपासल्याशिवाय गीझर पुन्हा बसवू देऊ नका.

थरामुळे विजेचं बिल किती वाढतं?

जाहिराती सांगतात त्यापेक्षा खूपच कमी. साठवणीच्या विजेच्या गीझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना, पाण्यातच. नुकसान होतं ते कॉइलच्या आयुष्याचं.

गॅसवर तापणाऱ्या टाकीचं गणित निराळं. तिथे ज्योत बाहेर असते, मध्ये थर आला की उष्णता पाण्यात न जाता धुराड्यातून निघून जाते. अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेने २००९ मध्ये जड आणि मऊ पाण्यावर गीझर चालवून पाहिले, तेव्हा हेच दिसलं: गॅसच्या टाक्यांची कार्यक्षमता घसरली, विजेच्या टाक्यांची जवळपास तशीच राहिली. या अभ्यासाला पैसा पाणी-शुद्धीकरण उद्योगाच्या संघटनेने पुरवला होता, तरीही विजेच्या टाकीबद्दल त्यांना फायदा दाखवता आला नाही, हे मला बोलकं वाटतं. टाकी नसलेल्या तात्काळ गीझरमध्ये पाण्याची वाट अरुंद असते, त्यामुळे तो लवकर तुंबतो. धार बारीक होत चालली की समजायचं.

तापमान कमी ठेवलं तर थर कमी बसेल ना?

बसेल. पण साठवणीच्या गीझरमध्ये पाणी दिवसेंदिवस ४० अंशांवर कोमट ठेवणं बरं नाही; त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. काटा ६० च्या आसपास ठेवा, ७५-८० वर नको. आणि हवं तेव्हाच सुरू करा. दिवसभर चालू ठेवलेल्या गीझरमध्ये थर नेहमीच जास्त सापडतो.

सोलरला काही होतं का?

होतं. सपाट पॅनलमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या लवकर तुंबतात. काचेच्या रुंद नळ्यांचा सोलर जास्त काळ तग धरतो, पण त्याच्याही तळाशी खपल्या साठतात. पाणी फार जड असेल तर बंद फेऱ्याचा, म्हणजे हीट एक्सचेंजर असलेला सोलर घ्यावा. त्याच्या पॅनलमधून तेच ते पाणी फिरत राहतं, नवीन क्षार येतच नाही.

वॉशिंग मशीन किती दिवसांनी डीस्केल करायचं, म्हणजे त्यातला क्षार काढायचा?

आधी मशीन पाणी तापवतं का ते बघा. टॉप लोडच्या बऱ्याच मशीनना हीटर नसतोच. तिथे कॉइलचा प्रश्न येत नाही. फ्रंट लोडला हीटर असतो, पण ३०-४० अंशांवर धुणाऱ्या घरांत त्याच्यावर फार थर बसलेला मला दिसत नाही. नेहमी ६० किंवा ९० वर धुणाऱ्यांनी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एक रिकामी फेरी डीस्केलर टाकून फिरवावी.

मशीनपेक्षा कपड्यांना त्रास जास्त. टॉवेल कडक होतात, पांढरे कपडे राखाडी पडतात. कारण पावडरीचा पहिला हिस्सा कॅल्शियमला बांधून ठेवण्यातच खर्च होतो, धुण्यासाठी उरतो तो दुसरा. म्हणून पाकिटावर जड पाण्यासाठी वेगळं माप दिलेलं असतं आणि ते कुणीही वाचत नाही. कमी पावडर टाकून बचत होते असं वाटतं, पण उरलेला कॅल्शियम कपड्यात आणि हीटरवर जाऊन बसतो. जड पाण्यात लिक्विडपेक्षा पावडर बरी, कारण कॅल्शियमला आवरणारे घटक तिच्यात साधारणपणे जास्त असतात. अर्थात दुप्पट टाकायचीही गरज नाही. नाहीतर फेस आणि चिकटा रबराच्या कडेला साठून वास मारतो, आणि तो दोष पुन्हा पाण्याच्या माथी जातो.

डिशवॉशरमध्ये मीठ टाकायला सांगतात. घरातलं चालेल का?

नको. डिशवॉशरच्या पोटात छोटा सॉफ्टनर असतो आणि त्याला ताजंतवानं करायला मीठ लागतं. घरातल्या मिठात आयोडीन आणि मीठ मोकळं ठेवणारी द्रव्यं असतात, दाणाही बारीक असतो. ते गोळा होऊन बसतं. डिशवॉशरचं जाड, शुद्ध मीठच घाला, आणि पाण्याचा जडपणा सेटिंगमध्ये भरा. ही दुसरी पायरी कुणीच करत नाही, आणि मग मीठ असूनही भांडी पांढरी निघतात.

ग्लास धुरकट झाले असतील तर एकावर व्हिनेगरचा थेंब चोळा. डाग गेला, तर क्षार होता. नाही गेला, तर काच झिजलेली आहे. तसं बहुधा मऊ पाण्यात जास्त डिटर्जंट पडल्याने होतं, आणि ती पुन्हा चकचकीत होत नाही.

केटलमधल्या पांढऱ्या खपल्या पोटात गेल्या तर?

काही बिघडत नाही. कॅल्शियम कार्बोनेटच तो, खडूसारखा. दिसायला वाईट, एवढंच. पण थर वाढला की केटल बंद व्हायला वेळ लावते किंवा मधेच बंद पडते. रात्री उरलेलं पाणी ओतून टाकायची सवय लावली तर निम्मं काम झालं.

वाफेच्या इस्त्रीत कोणतं पाणी घालायचं?

पुस्तिकेत लिहिलेलं. काही इस्त्र्या नळाच्या पाण्यासाठीच बनवलेल्या असतात, काहींना निम्मं डिस्टिल्ड लागतं. पांढऱ्या शर्टावर तपकिरी शिंतोडे उडाले की उशीर झालेला असतो. एसीतून गळणाऱ्या पाण्यात जडपणा नसतो हे खरं, पण त्यात धूळ आणि बुरशी असू शकते. बॅटरीतही ते घालू नका.

कूलरच्या जाळ्या एका हंगामात दगड का होतात?

कूलर पाणी वाळवण्याचंच यंत्र आहे. रोज वाफ उडते, तुम्ही वरून नवीन पाणी ओतता, आणि टाकीतला क्षार वाढतच जातो. २० लिटरच्या टाकीत आठवड्याभरात १०० लिटर पाणी ओतलं आणि खालचं कधी सोडलंच नाही, तर टाकीतलं उरलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. उपाय फुकटचा आहे: दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून मगच भरा.

अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. तो वाफ करत नाही, पाण्याचे बारीक कण क्षारासकट हवेत फेकतो. फर्निचरवरची पांढरी भुकटी तीच.

शॉवरची धार तिरकी उडते.

भोकं बुजलीत. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घ्या, शॉवरचं डोकं त्यात बुडेल अशी रबराने बांधा, तासाभराने काढून जुन्या टूथब्रशने घासा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते, ती वाटीत भिजत घाला. चकचकीत मुलामा असलेल्या नळावर रात्रभर ठेवू नका.

साफ करायला व्हिनेगर चांगलं की सायट्रिक आम्ल?

लहानसहान कामाला कुठलंही. मोठ्या थराला हिशेब करावा लागतो. ५ टक्क्यांचं एक लिटर व्हिनेगर फार तर ४० ग्रॅम क्षार विरघळवतं. कॉइलवर अर्धा किलो थर असेल तर बारा-तेरा लिटर व्हिनेगर लागेल आणि घरात आठवडाभर वास राहील. सायट्रिक आम्लही थराच्या वजनापेक्षा जास्तच लागतं. म्हणून जाड थर आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलके ठोकून, खरवडून काढायचा, आणि उरलेलं पूट आम्लाने. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, नळीला ओरखडा पडतो.

केटलसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल. बुडबुडे यायला लागतात, तो निघणारा कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल तर आम्ल संपलंय, नवीन करा. इथे एक खाचखळगा आहे: हे द्रावण उकळू नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं, आणि जुन्या थराच्या जागी नवीन पांढरा, चिवट थर बसतो. मी स्वतः हे एकदा करून बसलोय. कोमटच ठेवा, वेळ द्या, आणि शेवटी दोन-तीनदा साधं पाणी फिरवा.

कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा दोन्ही एका दिवशी हातात घेऊ नका. संगमरवराच्या ओट्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, आम्लाला त्यातला आणि केटलच्या थरातला फरक कळत नाही.

टॉयलेट साफ करायच्या ॲसिडने कॉइल दोन मिनिटांत साफ होते म्हणे?

होते. थर जातो आणि त्याबरोबर धातूही. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं, ॲल्युमिनियमला तर खातंच. अशी 'चकाचक' कॉइल काही महिन्यांत गळते. शिवाय बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफा छातीत जातात.

पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून जडपणा जातो का?

तुरटीने गाळ बसतो, जडपणा नाही. उकळल्याने काही भाग जातो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर खाली बसतो, त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडचा बसत नाही, तो कायमचा.

जाता जाता एक गंमत. ॲबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पाणी मऊ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. युक्ती काय, तर चुन्यामुळे जड झालेल्या पाण्यात आणखी चुना टाकायचा! विरीचा चुना बायकार्बोनेटशी मिळतो आणि दोघेही कार्बोनेट होऊन तळाशी बसतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत ही पद्धत अजून वापरतात. घरी करू नका, माप चुकलं तर पाणी दाहक होतं.

आरओ लावलाय. मग काळजी मिटली?

पिण्याच्या पाण्यापुरती. आरओचा पडदा कॅल्शियमही अडवतो, त्यामुळे ते पाणी केटलला आणि इस्त्रीला उत्तम. पण गीझर आणि मशीन त्यावर चालत नाहीत. उलट पाणी खूप जड असेल तर पडदाच क्षाराने भरतो. आणि आरओतून बाहेर टाकलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त जड असतं. ते मशीनमध्ये वापरून पाणी वाचवणारे भेटतात. हेतू चांगला, पण त्यापेक्षा फरशीला वापरा.

सॉफ्टनर घ्यावा का?

३०० च्या पुढे जडपणा, घरात माणसं बरीच, गॅसचा किंवा तात्काळ गीझर, असं सगळं जुळून आलं तर घ्या. एकटादुकटा माणूस आणि एक विजेचा गीझर असेल तर वर्षातून एकदा कॉइल साफ करून घेणं स्वस्त पडतं.

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मोहरीएवढे मणी असतात. त्यांच्यावर सोडियम बसलेला असतो. पाणी जाताना मणी कॅल्शियम पकडून ठेवतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते धुवायचे. मीठ संपलं तर यंत्र नुसतं उभं राहतं, पाणी जसंच्या तसं. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. ३०० च्या पाण्यात म्हणजे लिटरला १३८ मिलिग्रॅम. ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांच्यासाठी आणि बाळाच्या दुधासाठी एक नळ सॉफ्टनरच्या आधीच काढून ठेवा. बागेलाही ते पाणी नको. सोडियमने माती घट्ट होते. आणि बसवल्यावर कपड्यांची पावडर कमी करा, नाहीतर फेस आवरत नाही.

मशीनच्या नळाला लावायच्या पांढऱ्या गोळ्यांचा फिल्टर? आणि पाइपवरचं चुंबक?

गोळ्या पॉलिफॉस्फेटच्या असतात. त्या कॅल्शियम काढत नाहीत, फक्त त्याला धरून ठेवतात म्हणून थर सावकाश बसतो. कोमट धुण्यासाठी ठीक. फार गरम पाण्यात पॉलिफॉस्फेट मोडतं आणि उपयोग संपतो. गोळ्या विरघळून जातात हे लोक विसरतात आणि रिकामा डबा वर्षानुवर्षं लटकत राहतो.

चुंबकाने जडपणाचा आकडा बदलत नाही, हे विकणारेही मान्य करतात. थर कमी चिकटतो असा त्यांचा दावा असतो, आणि त्यावरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मी चुंबक लावलेल्या गीझरमधूनही टोपलीभर खपल्या काढल्यात. माझे पैसे मी त्यात घालणार नाही.

जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतो का? केस गळतात का?

जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणासाठी जडपणाची मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मुतखड्याचा दोष जड पाण्याला देण्याइतका पुरावा नाही. केस राठ लागतात, कारण साबणाचा चिकटा त्यांच्यावर बसतो. त्यापुढचं डॉक्टरांना विचारा, मी गीझरवाला आहे.

कॉइल किती दिवसांनी साफ करायची, एक आकडा सांगा.

पहिल्यांदा एका वर्षाने उघडून बघा. थर अंड्याच्या टरफलाएवढा पातळ असेल तर पुढच्या वेळी दोन वर्षांनी. करंगळीएवढा जाड असेल तर सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी रबरी गॅस्केट नवीन टाका, जुनं पुन्हा दाबून बसवलं की आठवड्यात थेंब गळायला लागतो. उघडण्याआधी मेन स्विच बंद, पाणी पूर्ण गार, टाकी रिकामी. आणि काढलेल्या थराचा मोबाइलवर तारखेसकट फोटो घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.